बहिष्कार हाच गुन्हा : रंगूनचा कायदा, बाबासाहेबांची मागणी आणि शेजारी देशांतले आपले लोक

गावात नवरदेव घोड्यावर बसतो. किंवा कुणी गायरान कसायला घेतो. किंवा जयंतीची कमान चौकात उभी राहते. दुसऱ्या दिवसापासून किराणा दुकानदार माल देत नाही. पिठाची गिरणी सुरू असते, पण आपले दळण घेतले जात नाही. शेतमजुरीला कुणी बोलावत नाही, रिक्षावाला थांबत नाही, शेतातून जाणाऱ्या वाटेवर काटे पडतात. अंगावर एक ओरखडाही नसतो, पण चूल बंद पडते.

मग वस्तीतले दहा जण पोलीस ठाण्यात जातात. तिथे ठरलेला प्रश्न येतो, "मारहाण झाली का? जातिवाचक शिवीगाळ झाली का? नाही ना? मग गुन्हा कसला? दुकानदाराने माल कुणाला विकावा याची सक्ती कशी करणार?"

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी १९३० सालीच लंडनमध्ये देऊन ठेवले आहे. त्यासाठी लागणारा मसुदा त्यांनी कुठून घेतला, हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. तो घेतला होता ब्रह्मदेशातून. तो इतिहास आज सांगायचा आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या शेजारच्या देशांकडेही पाहायचे आहे. कारण जात सीमेवर पासपोर्ट दाखवून थांबत नाही, आणि जातीच्या गुन्ह्याकडे डोळेझाक करण्याची कायद्याची सवयही थांबत नाही.

स्टार्ट समितीने काय पाहिले?

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट. हा अधिकारी मुंबई इलाख्यातल्या तथाकथित 'गुन्हेगार जमातीं'च्या वसाहतींचा प्रमुख होता. समितीच्या सदस्यांमध्ये बाबासाहेब होते. मार्च १९३० मध्ये अहवाल आला. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात आजचा महाराष्ट्राचा मोठा भाग, गुजरात, उत्तर कर्नाटक आणि आज पाकिस्तानात असलेला सिंधही होता.

या समितीने गावाचे अर्थशास्त्र उघडे केले. अस्पृश्यांपैकी बहुतेकांना स्वतःचे पोट भरण्याचे स्वतंत्र साधन नाही. कुणी सवर्णांची जमीन कसतो, कुणी त्यांच्या शेतावर राबतो, कुणी गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या धान्यावर जगतो. हक्क मागितला की जमीन काढून घेतली जाते, काम बंद होते, नेहमीची वाट अडवली जाते, वाणी मीठमिरची देत नाही. आणि कारणे काय? कुणी जानवे घातले, कुणी जमिनीचा तुकडा विकत घेतला, कुणी चांगले कपडे आणि दागिने घातले, कुणी नवरदेवाला घोड्यावर बसवून रस्त्याने वरात नेली. समितीचा निष्कर्ष असा होता की अस्पृश्यांना दडपण्यासाठी बहिष्काराइतके प्रभावी हत्यार दुसरे नाही, उघड हिंसासुद्धा त्यापुढे फिकी पडते.

ही यादी पुन्हा वाचा. जवळपास शंभर वर्षांपूर्वीची आहे. यातले कोणते कारण आज जुने झाले?

मारहाणीला एक मारणारा असतो, एक मार खाणारा असतो. बहिष्काराला मारणारा दिसत नाही. प्रत्येक जण म्हणतो, मी काहीच केले नाही. आणि ते खरेच असते. काही न करणे हेच तिथले कृत्य आहे. ते सगळ्यांनी ठरवून केले की एक वस्ती उपाशी मरते.

एका दडपशाहीच्या कायद्याला उलटे वळण

गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्य वर्गाच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडली. त्यात बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. स्टार्ट समितीच्या निष्कर्षाचा आधार देऊन त्यांनी कलमांचा मसुदाच जोडला आणि स्पष्ट सांगितले की ही कलमे १९२२ च्या ब्रह्मदेशाच्या बहिष्कार-विरोधी कायद्यातून थोडे बदल करून घेतली आहेत.

हा कायदा होता कशासाठी? ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, १९३७ पर्यंत. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या गावोगावी वुन्थानू नावाच्या राष्ट्रवादी संघटना उभ्या राहिल्या. सरकारला साथ देणारे गावप्रमुख, निवडणुकीत भाग घेणारे लोक यांच्यावर या संघटना बहिष्कार टाकत. आपल्या माणसांना वाचवण्यासाठी आणि चळवळ मोडण्यासाठी इंग्रजांनी हा कायदा आणला. म्हणजे मूळ कायदा सत्तेच्या बाजूचा, चळवळीच्या विरोधातला होता.

बाबासाहेबांची नजर इथे पाहावी. इंग्रज सरकारला आपल्या चार गावप्रमुखांची चूल बंद पडते म्हणून बहिष्कार हा गुन्हा वाटतो. मग हजारो वर्षे कोट्यवधी माणसांची चूल याच मार्गाने बंद पाडली जाते, तो गुन्हा का नाही? तत्त्व तुम्ही मान्य केलेच आहे, आता ते दुबळ्याच्या बाजूने वापरा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

त्या मसुद्यात घर किंवा जमीन न देणे, काम न देणे, व्यवहार न करणे, सेवा नाकारणे, नेहमीचे सामाजिक संबंध तोडणे, कायदेशीर हक्क बजावताना त्रास देणे या सगळ्याला बहिष्कार म्हटले आहे. बहिष्कार टाकणे, त्यासाठी चिथावणे आणि त्याची धमकी देणे हे तीन वेगळे गुन्हे मानले आहेत. आणि एक फार महत्त्वाची सूट ठेवली आहे. कुणाच्या चिथावणीने, संगनमताने किंवा कटाने नव्हे, तर एखाद्याने स्वतःपुरता संबंध तोडला असेल तर तो गुन्हा नाही.

"दुकानदाराला सक्ती कशी करणार?" या ठाण्यातल्या प्रश्नाचे उत्तर याच सुटीत आहे. दुकानदाराने कुणाला माल विकावा हा प्रश्नच नाही. गावाने मिळून एका वस्तीला उपाशी मारायचे ठरवले आहे का, हा प्रश्न आहे. गुन्हा त्या ठरवण्यात आहे.

१९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्काराविरुद्धचे संरक्षण पुन्हा मागितले.

समूहाचा गुन्हा कायद्याला दिसत नाही का?

काही विधिज्ञ म्हणतात, फौजदारी कायदा व्यक्तीचा गुन्हा पाहतो, समूहाचा नाही. ऐकायला हे तत्त्व चांगले वाटते. पण याच देशात १८७१ साली 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' झाला. अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या. हजेरी, परवाना, काटेरी तारांच्या वसाहती. सोलापूरची वसाहत आपल्याला परकी नाही. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्या पोराने चोरी केली की नाही हे कुणी विचारले नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांच्या रूपाने तो संशय मागे राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी सर्वोच्च न्यायालयाला घटनाबाह्य ठरवावी लागली, इतका तो खोल होता.

म्हणजे समूह दुबळा असेल तर कायद्याला तो नीट दिसतो, दिसण्याच्याही आधी दिसतो. समूह बलवान असेल, गावावर त्याची सत्ता असेल, की कायदा अचानक व्यक्तिवादी होतो आणि प्रत्येकाविरुद्ध वेगळा पुरावा मागतो. ही तत्त्वाची नव्हे, सोयीची गोष्ट आहे.

नेपाळ : बहिष्कार मोडणे हाच गुन्हा

मेकॉलेच्या आयोगाने तयार केलेली दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ च्या पहिल्या दिवशी लागू झाली. कागदावर तरी तिने ब्राह्मण आणि महाराला एकच शिक्षा सांगितली. त्याआधी सहाच वर्षे, १८५४ साली, शेजारच्या नेपाळमध्ये जंगबहादूर राणाने 'मुलुकी ऐन' आणला होता. त्याने सगळ्या प्रजेची उतरंड लावली. वर तागाधारी म्हणजे जानवेधारी, मग गुलाम न करता येणारे मतवाली, मग गुलाम करता येणारे मतवाली, आणि तळाशी ज्यांचे पाणी चालत नाही असे दोन थर. त्यातल्या शेवटच्या थराचा स्पर्श झाला तर पाणी शिंपडून शुद्ध व्हायचे. शिक्षा जातीप्रमाणे. ब्राह्मणाला फाशी नाही, खालच्याला आहे.

आपण १९२७ साली महाडला जाळलेली मनुस्मृती तिथे राज्याचा जिवंत कायदा होती. जातीबाहेर टाकलेल्याच्या हातचे खाणे-पिणे हा तिथे शिक्षेस पात्र अपराध होता. म्हणजे बहिष्कार टाकणे हा गुन्हा नव्हता, बहिष्कार मोडणे हा गुन्हा होता.

पण इकडच्या इंग्रजी कायद्याची फुशारकी मारण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हात घालू नका असे बजावले होते. नेपाळच्या राजाने जात राबवली, इंग्रजाने जातीला मोकळे सोडले. एकाने जात पाहून शिक्षा केली, दुसऱ्याने जातीकडे पाहायचेच टाळले. मार खाणारा दोन्हीकडे तोच. बाबासाहेबांचा रस्ता तिसरा होता. जात पाहा, पण पीडिताच्या संरक्षणासाठी पाहा.

नेपाळमध्ये १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनने जातीनुसार शिक्षा बंद केल्या. २०११ साली जातीय भेदभाव आणि अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा आला. २०१५ च्या संविधानाचे २४ वे कलम अस्पृश्यतेविरुद्ध आहे, आणि पीडिताला नुकसानभरपाईचा हक्क त्यातच लिहिला आहे. आपल्या १७ व्या कलमापेक्षा हे एक पाऊल पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य करू.

पण मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात काय झाले? एक दलित तरुण आपल्या प्रेयसीला आणायला मित्रांसह तिच्या गावी गेला. मुलगी तथाकथित वरच्या जातीची. गाव जमले, दगड घेऊन मागे लागले, आणि त्या तरुणासह सहा जणांचा जीव गेला. मृतदेह भेरी नदीत मिळाले. आरोपींमध्ये स्थानिक वॉर्ड अध्यक्षही होता. डिसेंबर २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने वीसहून अधिक जणांना जन्मठेप दिली.

आता खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, चार जणांची हत्या. तिथेही गाव जमले होते. शिक्षा झाली आठ जणांना, आणि न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटीची कलमे लागू होत नाहीत असे ठरवले. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा कमी केल्या आणि हत्येमागे जात नव्हे, सूड आहे असे मानले. हा सूड जातीशिवाय घडला असता का, हा प्रश्न आपण तेव्हा विचारला आणि आजही विचारतो. रुकुमच्या निकालाकडे आपल्या वकिलांनी बारकाईने पाहावे असे मला वाटते, ते याचसाठी. जमाव हा आरोपी असू शकतो, हे तिथे दिसले.

श्रीलंका : चहाची टपरी आणि देवळाचा दरवाजा

बाबासाहेब १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते. बौद्ध देश म्हटल्यावर तिथे जात नसेल असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. पण सिंहली समाजातही जात आहे आणि उत्तरेतल्या जाफनाच्या तमिळ हिंदू समाजात तर अस्पृश्यता होती. वण्णार, अंबट्टर, पळ्ळर, नळवर आणि परैयर या पाच जातींना तिथे पंचमर म्हणत. विहीर वेगळी, टपरीवर बसायला मनाई, देवळाचे दार बंद.

१९५७ साली श्रीलंकेच्या संसदेने सामाजिक अपात्रता प्रतिबंधक कायदा केला. कायद्याने दार उघडले नाही, माणसांनी उघडले. १९६६ नंतर जाफनाच्या तरुणांनी चहाच्या टपऱ्यांमध्ये आणि देवळांमध्ये प्रवेशाचे लढे दिले. १९६८ मध्ये माविट्टपुरमच्या कंदस्वामी देवळासमोर वाट अडवायला कोण उभे राहिले? सी. सुंदरलिंगम. गणिताचे प्राध्यापक, माजी मंत्री. त्यांच्यावर याच कायद्याखाली खटला झाला आणि तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. शिक्षणाने जात जाते म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. १९७१ मध्ये कायदा आणखी कडक करावा लागला.

त्याच काळात काळारामच्या लढ्याला तीन-साडेतीन दशके होऊन गेली होती. जाफनाच्या पोरांनी नाशिक ऐकले होते की नाही, कुणास ठाऊक. पण दरवाजा तोच होता.

पाकिस्तान आणि बांगलादेश : जोगेंद्रनाथ मंडलांचा राजीनामा

ज्या बंगालने १९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, त्या लढाईत जोगेंद्रनाथ मंडल आघाडीवर होते. हे ऋण आपण कधी विसरू नये. फाळणीनंतर मंडल पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री झाले. मुस्लिम आणि अस्पृश्य शेतकऱ्याचे हित एक आहे, असा त्यांचा विश्वास होता. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याच्या लांब पत्रात पूर्व बंगालमधल्या नामशूद्रांवर पोलीस आणि लष्कराने केलेल्या अत्याचारांची गावनिहाय हकीकत आहे. देशाचा कायदामंत्री सांगतो की माझ्या माणसांना कायदा वाचवत नाही. याहून मोठी साक्ष कोणती हवी?

त्याआधी डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून तक्रार केली होती की पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना भारतात येऊ देत नाही, कारण मैला कोण उचलणार? धर्माच्या नावाने देश तुटला, माणसे हाकलली गेली, पण झाडूवाला मात्र दोन्ही बाजूंना हवा होता, आणि झाडूसकट हवा होता.

१९५७ साली पाकिस्तानने चाळीस जाती अनुसूचित म्हणून जाहीर केल्या. पण अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा आपल्यासारखा कायदा तिथे आला नाही. सिंधमध्ये मेघवार, भील, कोळी शेतमजूर जमीनदारांच्या कर्जात पिढ्यानपिढ्या अडकले. १९८८ साली वीटभट्टी कामगारांची तार पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानली, १९९२ साली वेठबिगारी निर्मूलन कायदा आला. तो मजूर पाहतो, जात पाहत नाही. वेठीत अडकलेला बहुतेक वेळा कोणत्या जातीचा असतो, हे त्याला विचारायचेच नसते. बांगलादेशात संविधानाचे २८ वे कलम जातीवरून भेदभाव नको म्हणते. इंग्रजांनी कानपूर आणि तेलुगू मुलखातून आणलेले सफाई कामगार मात्र आजही 'हरिजन कॉलनी'त राहतात. २०२२ मध्ये भेदभावविरोधी विधेयक संसदेत मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही.

आपल्या हातात काय आहे?

आता परत आपल्या पोलीस ठाण्यात येऊ. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याच्या सातव्या कलमात बहिष्कार आला. त्याची व्याख्या वाचा : घर-जमीन न देणे, व्यवहार न करणे, काम न देणे. रंगूनहून लंडनमार्गे आलेले शब्दच ते. पण शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला आणि त्यात १०-अ हे कलम आले. अस्पृश्यतेचे गुन्हे करणाऱ्या किंवा त्यांना साथ देणाऱ्या भागातल्या रहिवाशांवर राज्य सरकार सामूहिक दंड बसवू शकते.

१९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १६ व्या कलमाने हा सामूहिक दंड तिथेही लागू केला. आठव्या कलमात आणखी एक शस्त्र आहे. आधीच्या जमिनीच्या किंवा इतर वादातून समूहाने गुन्हा केला असे सिद्ध झाले, तर सगळ्यांचा समान उद्देश गृहीत धरला जातो. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा थेट अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा झाला, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणजे "गुन्हा कसला?" हा प्रश्न अज्ञानाचा असेल तर त्याला कलम दाखवा. आणि उत्तर माहीत असूनही प्रश्न विचारला जात असेल, तर कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी चौथे कलम आहे, तेही दाखवा.

"या कायद्याचा गैरवापर होतो" असे म्हणणारे भेटतीलच. मार्च २०१८ च्या निकालाने याच समजुतीवर कायदा सैल केला होता. २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर आले, काहींनी जीव गमावला, संसदेला १८-अ कलम आणावे लागले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी, असे मानणाऱ्यांना एकच विचारा. साक्षीदाराची चूल ज्या गावाच्या हातात आहे, त्या गावाविरुद्ध तो किती दिवस साक्ष देईल? बहिष्कार हा गुन्हा तर आहेच, शिवाय इतर सगळ्या गुन्ह्यांचा पुरावा पुसणारे फडकेही आहे. स्टार्ट समितीला १९३० मध्ये हे कळले होते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. बहिष्कार सुरू झाला की मारहाणीची वाट पाहू नका. तारीख, वार, दुकान, गिरणी, रस्ता, कोण काय बोलले, हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. 'माल दिला नाही' एवढेच लिहू नका. बैठक कुठे झाली, दवंडी कुणी दिली, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप कुणी फिरवला हे लिहा, कारण गुन्हा ठरवण्यात आहे. फिर्यादीत बहिष्काराचे कलम नाव घेऊन मागा. उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास मागा. सामूहिक दंडासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्या, आणि त्याची पोच घ्या.

आणि सीमेपलीकडे पाहा. बाबासाहेब कँडीला गेले, रंगूनला गेले, परिनिर्वाणाच्या काही दिवस आधी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला गेले. धम्मासाठी गेले, हे खरे. पण एका प्रांतातला दडपशाहीचा कायदा उचलून त्याला न्यायाचा कायदा बनवणारा माणूस होता तो. रुकुमचा निकाल, जाफनाचा लढा, सिंधच्या हारींची सुटका, हे सगळे आपल्याही अभ्यासाचे विषय आहेत. त्यांच्याकडे आपल्याकडून घेण्यासारखे आहे, आपल्याकडे त्यांच्याकडून.

गाव ज्या दिवशी ठरवते, त्याच दिवशी गुन्हा घडलेला असतो. आपणही त्याच दिवशी ठाण्याच्या दारात उभे असले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!